ताईंच्या डाव्या कानात

१

"तुझी आई गेली," ही बातमी ज्या घटकेला दिली गेली, त्या घटकेला ती आई हॉस्पिटलच्या खाटेवर मांडी घालून बसली होती आणि चहात साखर का नाही म्हणून नर्सशी हुज्जत घालत होती.

बातमी दिली गेली ती मात्र दूर, गच्च भरलेल्या एका सभागृहात, आणि ती ऐकू आली फक्त एकाच बाईला. त्या म्हणजे ताई, बँडच्या मुख्य गायिका. जलद चालीचं गाणं नुकतंच संपलं होतं. टाळ्या ओसरल्या, लोक सावरून बसले, आता संथ गाणं सुरू होणार म्हणून दिवे मंद झाले. ताईंनी श्वास घेतला. आणि एकदम त्यांची मान वळली, चेहरा पांढराफटक पडला, त्यांनी कानांतले इअरपीस ओढून काढले आणि "आई गं!" म्हणत त्या विंगेत धावत सुटल्या. लोकांना वाटलं, बाईंना भोवळ आली. उरलेला कार्यक्रम मागे उभं राहून साथ देणाऱ्या धाकटीने, म्हणजे ताईंच्या चुलत बहिणीने, कसाबसा उभा केला. कसाबसा म्हणायचं इतकंच. ती अशी गायली की लोक खुर्च्या सोडून उठले.

तोवर ताई हॉस्पिटलात पोचल्या होत्या. दारातूनच त्यांना आईचा आवाज ऐकू आला, "हा चहा आहे की पाण्याचा जुना मित्र?" आणि त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या.

मग प्रश्न आला. सांगितलं कोणी?

"कानात कोणीतरी कुजबुजलं," ताई म्हणाल्या. "तुझी आई गेली, लवकर नीघ. एवढंच."

सगळ्यांच्या नजरा एकाच बाईकडे वळल्या. तिला बँडमध्ये सगळे कानसेन म्हणत.

तिचं काम असं की लोकांना ते कधी दिसत नाही. लोकांसाठी आवाज सांभाळणारा माणूस हॉलच्या मागे बसतो. कानसेन बसायची रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, आपला वेगळा मिक्सर घेऊन. तिच्या मिक्सरवरून जाणारा आवाज फक्त गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या कानांत पोचायचा, आणि प्रत्येकाच्या कानात वेगळा. ड्रमवाल्याला ठेक्याची टिकटिक मोठी हवी, गिटारवाल्याला आपलीच गिटार, ताईंना आपला आवाज आणि त्याच्याभोवती बाकीचं सगळं हलकं, जसं जेवताना कोणी वारा घालावा तसं. कोणी भुवई उचलली तरी कानसेनला कळायचं, याला काय हवंय. शिवाय तिच्यापाशी एक छोटा माइक होता. त्यातून ती हव्या त्या एकाच्याच कानात बोलू शकायची. दुसऱ्या कोणालाही ते जमण्यासारखं नव्हतं. आणि त्या संध्याकाळी ताईंखेरीज कोणालाही काही ऐकू आलं नव्हतं.

बँडचा कारभार पाहणारे भाऊ, म्हणजे ताईंचे दीर, फार बोलले नाहीत. "उद्या त्याच सभागृहात दुसरा कार्यक्रम. तो झाला की तू मोकळी."

"भाऊ, मी असं का करीन?"

"ते तुझं तुला माहीत."

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या कानात तुझ्याशिवाय कोणाचा वावर आहे गं? उद्या मी कानात काही घालणार नाही. यापुढे कधीच नाही."

कानसेनला पुढचं दिसलं. कानात काही न घालता ताई त्या ड्रमच्या दणदणाटात गाणार म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणार. आणि तिचं स्वतःचं काय? गायकाच्या कानात विष ओतणारी बाई, असा शिक्का बसला की पुन्हा कोण आपले कान तिच्या हाती देणार?

सकाळी तिचा फोन वाजला.

"मी मेलेली मावशी बोलतेय," पलीकडून ताईंच्या आईचा आवाज आला. "असशील तशी ये."

२

"बस," मावशी म्हणाल्या. जप चालू होता, तो पुरा करून त्यांनी माळ उशीखाली सरकवली. "माझा खून झालाय, आणि ही माणसं मला धड चौकशीसुद्धा करू देत नाहीत. डॉक्टर म्हणतो, आराम करा. मेल्यावर आराम करायचा ना? तो तर काल झाला."

"मावशी, देवाशपथ, मी ते बोलले नाही."

"देवाला कशाला त्रास देतेस? तुझ्या पायांकडे बघ."

कानसेनने खाली पाहिलं. एका पायात घरातली चप्पल होती, दुसऱ्यात बाहेरची.

"डाव रचणारी बाई असं येत नाही," मावशी म्हणाल्या. "आता ते कालचं चलच्चित्र दाखव. फोनवर कोणीतरी टाकलंच असेल. लोकांना दुसरं काम काय."

कोणा प्रेक्षकाने काढलेला तो तुकडा कानसेनने लावला. टाळ्या, शांतता, ताईंचा श्वास, वळलेली मान, धाव. मावशींनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. नर्स गोळी घेऊन आली तर तिलाही हाताने थांबवलं.

"इथे थांबव. ही मान का वळली?"

"दचकल्या असतील."

"दचकणारा माणूस मागे सरकतो. ही वळून कोणाला तरी शोधतेय." मावशींनी आपल्या उजव्या कानावर टिचकी मारली. "हा माझा कान लहानपणीच गेला. तेव्हापासून हाक मारली की ऐकू येते, पण कुठून आली ते कळत नाही. आयुष्यभर मी भलत्याच दिशेला ओ देत आलेय. तुझे काका माजघरातून हाक मारायचे आणि मी अंगणात जाऊन उभी राहायचे. हाक कुठून आली ते कळायला दोन धड कान लागतात, आणि त्यातल्या एकात आवाज जास्त यावा लागतो. आता मला सांग, तुझ्या त्या माइकमधून बोललेलं कुठल्या कानात ऐकू येतं?"

कानसेनने बोट आधी एका कानाकडे नेलं, मग दुसऱ्याकडे.

"दोन्ही," ती म्हणाली. "दोन्हीकडे अगदी सारखं. मी बोलले की डोक्याच्या मधोमध कोणी बोलल्यासारखं वाटतं. मान वळवायला दिशाच नसते."

मावशींनी लगेच लेकीला फोन लावला. "कुठल्या कानात ऐकलंस ते?"

ताईंचा थकलेला आवाज आला, "काय गं आई, कानात म्हणजे कानात."

"डाव्या की उजव्या? डोळे मीट आणि आठव."

ताईंनी आठवून सांगितलं, "डाव्या. खालून कोणीतरी, लोकांतलंच, बोललं असं वाटलं."

मावशींनी फोन ठेवला. "तिच्या डाव्या कानात तू काय काय पाठवतेस?"

"बहुतेक सगळं मधोमध असतं मावशी. नुसत्या डावीकडे अशा दोनच गोष्टी पाठवते." कानसेन अडखळली. "पहिली म्हणजे... धाकटीचा आवाज. ती ताईंच्या डाव्या हाताला उभी असते ना."

मावशींच्या हातातला कप बशीवर टेकला. धाकटी त्यांची सख्खी पुतणी. त्यांच्याच मांडीवर वाढलेली.

३

सभागृहात साफसफाई चालली होती. ड्रमवाला, ज्याला सगळे ठोक्या म्हणत, आपल्या ढोलांची कातडी ताणत बसला होता.

"मी तर आधीच म्हणतोय," तो म्हणाला. "काल कोण पुढे आलं? कानामागून आली आणि तिखट झाली! तुला उगाच बळीचा बकरा केला."

"तू त्या वेळी मला हात केलास."

"केला. टिकटिक पुसट येत होती. का, हात करणं पण गुन्हा?"

गुन्हा नव्हता. पण त्यामुळेच त्या क्षणी कानसेनने ताईंच्या कानात जाणारं ऐकायचं सोडून ठोक्याच्या कानात जाणारं ऐकायला घेतलं होतं. म्हणून ती कुजबूज तिला ऐकू आली नव्हती.

धाकटी ग्रीनरूममध्ये आरशाकडे पाठ करून बसली होती. डोळे सुजलेले.

"विचार," ती म्हणाली. "सगळे मनात विचारतायत, तू तोंडाने विचार."

"तुझा माइक चालू होता?"

"होता की. तूच बघतेस ना. त्यात कुजबुजले असते तर हॉलमधल्या शेवटच्या रांगेला ऐकू गेलं असतं."

ते खरंच होतं. धाकटीचा माइक लोकांच्या स्पीकरलाही जात होता. कानसेनच्या छातीवरचा धोंडा उतरला, तिला स्वतःलाही नवल वाटेल इतका.

"काल लोक उठून उभे राहिले," धाकटी पुटपुटली. "असं व्हावं म्हणून मी किती देव पाण्यात ठेवले असते. आणि मिळालं ते असं. रडावं की हसावं कळत नाही. तुला आठवतं, एकदा सरावाला मी ताईचे इअरपीस घातले होते? घरी जाऊन म्हटलं होतं, ताईच्या कानात सगळा हॉल बसलेला असतो, पहिल्या रांगेत बसलेल्या भाऊंचा खोकलासुद्धा. मला वाटलं होतं, कधीतरी माझ्याही कानात..."

कानसेन मात्र तिच्या आधीच्या शब्दांवर अडकली होती.

सगळा हॉल! ती होती दुसरी गोष्ट. रंगमंचाच्या पुढच्या काठावर, दोन टोकांना, लोकांकडे तोंड केलेले दोन माइक. लोकांचा आवाज पकडण्यासाठी. कान बंद झाले की गायकाला काचेच्या पेटीत कोंडल्यासारखं होतं, म्हणून ताईंनी हट्टाने ते लावून घेतले होते. डाव्या टोकाचा माइक डाव्या कानात, उजव्याचा उजव्या. बाकी कोणाला तो गलका नको असायचा. त्या दोन माइकच्या तारा फक्त कानसेनच्या मिक्सरला येत, लोकांच्या स्पीकरला नाही. गाणं चालू असताना ती ते बंद ठेवायची आणि दोन गाण्यांच्या मधे उघडायची. त्यांतून समुद्रासारखा गजर यायचा. त्या समुद्रात एखादा माणूस तोंड घालून बोलेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिने भाऊंना गाठलं. भाऊ काल त्या वेळी आयोजकांबरोबर दुसऱ्या टोकाच्या खोलीत होते. आयोजकांनी ते आधीच सांगितलं होतं.

"डावीकडे कोण होतं म्हणतेस?" भाऊ कुरकुरले. "डावीकडच्या रांगांत सगळी वयस्कर मंडळी बसली होती. त्यांना काठापर्यंत चालत यायला हात धरावा लागतो."

"भाऊ, ती लोकांची डावी. ताईंची डावी म्हणजे लोकांची उजवी."

भाऊंनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून एकदा पाहिले. "बरं, मग उजवीकडे? तिथे तर काठाजवळ कठडा आहे. आत कोणाला सोडत नाहीत."

"कोणालाच?"

"आपली माणसं सोडून कोणालाच."

कठड्याच्या आत आत्ताही एक माणूस होता. कॅमेऱ्याची काच पुसत होता. धाकटीचा नवरा. बँडचे फोटो तोच काढायचा, आणि घरातले सगळे त्याला जावईबापू म्हणायचे.

"ये ये," जावईबापू हसले. "तुझ्यावर फार अन्याय झाला बघ. मी भाऊंना म्हटलंसुद्धा, पोरीला एकदा माफ करा. कालचा फोटो पाहिलास की नाही?"

फोटो सगळ्यांनीच पाहिला होता. रातोरात या फोनवरून त्या फोनवर फिरला होता. ताईंचा चेहरा, भेदरलेला, ओठ अर्धवट उघडे, डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत.

"असा फोटो जन्मात एकदा मिळतो," ते म्हणाले. "थेट माझ्याकडे बघतात ताई. आणि फ्रेम किती स्वच्छ! मधे एक बोट नाही कोणाचं."

"कोणीच मधे आलं नाही?"

"आलं असतं तर फोटोत दिसलं असतं."

"आणि हे खाली कोपऱ्यात, काळं, केसाळ काय आहे?"

"पडद्याची सावली असेल," जावईबापू म्हणाले आणि पुन्हा काच पुसू लागले.

कानसेन त्या काळ्या डागाकडे बघत राहिली. मग तिने तोच फोटो मावशींना पाठवला आणि खाली लिहिलं, "सापडला."

४

दुपारी सगळे रंगमंचावर जमले. एका खुर्चीवर फोन उभा केला होता आणि त्याच्या पडद्यावर मावशी होत्या, उशीला टेकून, केस नीट विंचरून.

कानसेनने इअरपीस ताईंपुढे धरले.

ताईंनी हात मागे घेतला. "नाही."

"एकदाच ताई. मग नका घालू आयुष्यात."

"नाही म्हटलं ना!"

"घाल गं," फोनमधून मावशी म्हणाल्या. "आता कोण मरायचं राहिलंय?"

कोणीतरी फिसकन हसलं. ताईंनी इअरपीस कानांत बसवले आणि डोळे मिटून घेतले. कानसेनने पडद्याआडून आपला माइक उचलला आणि कुजबुजली, "ताई."

ताई हलल्या नाहीत. त्यांनी नुसतं कपाळाला हात लावला. "इथे आलं. मधोमध."

मग भाऊ सांगितल्याप्रमाणे खाली उतरले, कठड्याच्या आत ताईंच्या डाव्या टोकाला वाकले आणि काठावरच्या माइकला तोंड भिडवून कुजबुजले, "ताई."

ताईंची मान सर्रकन वळली. डावीकडे, खाली. जशी काल वळली होती तशी. 

"हेच," ताई म्हणाल्या. "हे इथूनच आलं होतं." आणि त्यांनी डोळे उघडून पडद्याआड पाहिलं. "कानसेन, तू नव्हतीस."

"मी नव्हते, ताई."

"मग कोण?"

कानसेन पुढे आली.  "तो माइक लांबून फक्त गलका पकडतो. एकट्याची कुजबूज त्यात यायची तर ओठ माइकपाशी हवेत. आता ताईंनी जिथे पाहिलं, तिथे ओठ होते. आणि त्याच क्षणाचा आपल्याकडे फोटो आहे."

तिने फोन वर धरला. "ताई सरळ कॅमेऱ्यात बघतायत. आपल्याला वाटलं, गायिका कॅमेऱ्याकडे बघते तसं बघितलं. पण ताईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आवाज आला तिकडे पाहिलं, आणि तिथे कॅमेरा होता. हा कोपऱ्यातला काळा डाग बघा."

भाऊंनी काठावरचा माइक सोडवून वर आणला. त्यावर वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून चढवलेली काळी, केसाळ टोपी होती. फोटोतल्या डागाशेजारी त्यांनी ती धरली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"म्हणजे कॅमेरा माइकला चिकटून होता," कानसेन म्हणाली. "आणि फोटो काढणारेच सांगतात, मधे कोणी नव्हतं. माइकजवळ तोंड एकच होतं. ते कॅमेऱ्याच्या मागे होतं."

सगळे जावईबापूंकडे वळले. ते आधी हसले. मग हसू चेहऱ्यावर राहिलं आणि त्यातला जीव गेला.

"काहीतरीच काय," ते म्हणाले. "मला काय ठाऊक तो माइक कोणाच्या कानात जातो ते?"

"मी सांगितलं होतं," मागून आवाज आला. धाकटी उभी होती. "घरी. तुम्ही चहा पीत होतात."

जावईबापूंनी कॅमेरा खाली ठेवला. "एक संध्याकाळ," ते म्हणाले. "तुला एक संध्याकाळ पुढे उभं राहायला मिळावी, एवढंच होतं माझ्या मनात. वर्षानुवर्षं तू मागे उभी राहून हुंकार भरतेस. मला वाटलं, दोन तासांत खोटं कळेल, काकू ठणठणीत आहेत, कोणाचं काय बिघडतं? आणि ताईंनी वळून पाहिलं तेव्हा बोट आपोआप दाबलं गेलं. सवय."

"कोणाचं काय बिघडतं?" धाकटीचा आवाज चढला नाही, पण ठोक्यानेसुद्धा मान खाली घातली. "कानसेनचा घास गेला असता. ताईचा जीव गेला असता रस्त्यात. आणि माझं गाणं? लोक उठले ते माझ्या गळ्यासाठी, असं काल मला वाटलं. आता मी ते कोणत्या तोंडाने आपलं म्हणू?"

 तेव्हा फोनमधून खाकरण्याचा आवाज आला.

"जावईबापू," मावशी म्हणाल्या, "मी गेल्याची बातमी तुम्ही दिलीत. आता मी आहे हीही बातमी तुम्हीच द्या. संध्याकाळी, माइकवर, सगळ्यांपुढे. कोणी, काय, कसं केलं, सगळं. आणि पोरी, तुझ्या गळ्याचा या उपद्व्यापाशी काही संबंध नाही. लोक खोट्या बातमीसाठी खुर्चीवरून उठत नाहीत. डॉक्टर आला वाटतं, ठेवते. मला सुटी घ्यायचीय."

५

संध्याकाळी हॉल कालच्यापेक्षा गच्च होता. काल काय झालं याची कुजबूज गावभर झाली होती आणि अर्धे लोक गाण्याला आले होते तर अर्धे भानगडीला.

आधी जावईबापू माइकपुढे आले. कागद न घेता बोलले, तेवढं मात्र त्यांच्या पदरात टाकायला हवं. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी हात जोडले.  मग पहिल्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, "ऐकलं ना सगळ्यांनी? मी आहे! आता गाणं सुरू करा, मला लवकर झोपायला सांगितलंय!" आणि अख्खं सभागृह खदखदून हसलं.

पडद्याआड ताई कानसेनपुढे उभ्या होत्या. इअरपीस घालायला त्यांनी हात पुढे केला नाही. त्यांनी डोकं पुढे केलं, केस बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "तूच घाल."

कानसेनने घातले. आधी उजवा, मग डावा. 

"काल तुला बोलले ते..."

"ताई, आत्ता बोलू नका. गळा राखा."

ताई हसल्या आणि प्रकाशात गेल्या. त्यांनी धाकटीचा हात धरून तिला मागच्या जागेवरून ओढत आपल्या शेजारी, अगदी काठाशी आणून उभं केलं. धाकटी 'नको नको' करत होती, पण ताईंच्या मुठीतून कधी कोणी सुटलंय? मग त्या लोकांना म्हणाल्या, "इथे पडद्याआड एक बाई बसते. तुम्ही तिला कधी पाहिलेलं नाही. आम्ही सगळे तिच्या भरवशावर गातो. काल मी तिच्यावर आळ घेतला. आज तिला इथे बोलावलं तर ती येणार नाही, कारण तिच्या हातात आमचे सगळ्यांचे कान आहेत. म्हणून तुम्हीच तिच्याकडे बघा."

पडदा सरकला. मोठा दिवा फिरला आणि कोपऱ्यातल्या मिक्सरवर येऊन थांबला.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कानसेनला तो दोनदा ऐकू आला, एकदा हवेतून आणि एकदा ताईंच्या कानांतून. ती उभी राहिली, तिने हात जोडले, डोळ्यांतलं पाणी पुसायला एक हात मोकळा करून पाहिला आणि तो पुन्हा मिक्सरवर ठेवला. लोक थांबेनात. शेवटी तिने कपाळाला आठ्या घालून दिवेवाल्याकडे रागाने खुणावलं, अरे तो उजेड काढ, मला बटणं दिसत नाहीयेत!

हॉल हसला. दिवा परत फिरला. ताईंनी श्वास घेतला आणि ते संथ गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला धाकटीचा आवाज त्यात येऊन मिसळला आणि गाणं शेवटपर्यंत गेलं.